मॅडमच्या मागे उभं राहण्याची नोकरी

कुवेतच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'नोकरीतले अनुभव' लिहून दे, असं अंकाचं काम बघणाऱ्या वहिनींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. या अंकात इस्पितळात उभा जन्म काढलेल्या सिस्टर लिहितात, तेलकंपनीतून निवृत्त झालेले काका लिहितात. माझी नोकरी कॉलेज सांभाळून केलेली, संध्याकाळची, जेमतेम चार वर्षांची. आणि काम काय, तर हवल्लीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये शेन मॅडमच्या मागे उभं राहणं. वहिनी म्हणाल्या, "तेच लिही. मागे उभं राहण्याचा पगार कोण देतं, ते आम्हालाही कळू दे."

म्हणून लिहिते आहे. आता ती नोकरी सुटली. पण संध्याकाळ झाली की पाय ऐकत नाहीत. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या टाचा उचलल्या जातात. शेजारचा मुलगा विचारतो, "घाई आहे का?" घाई कसलीच नसते.

शेन मॅडम चीनच्या. बॅडमिंटनमधल्या डबल्सच्या खेळाडू. लहानपणीच खेळाच्या शाळेत गेल्या, मग प्रांताच्या संघात, मग त्याहून वर. शेवटी गुडघा गेला, खेळ सुटला आणि एका क्लबच्या व्हिसावर त्या कोच म्हणून कुवेतला आल्या. त्यांचं इंग्रजी तुटक, त्यात हिंदी आणि दुकानात शिकलेली अरबी. मी त्यांचं बोलणं इथे सरळ मराठीत लिहिते आहे. त्यामुळे त्या आहेत त्यापेक्षा बोलक्या वाटतील, त्याला माझा इलाज नाही.

एक मात्र मी बदललेलं नाही. त्या स्वतःबद्दल कधी 'मी' म्हणत नसत. 'आम्ही जिंकलो', 'आम्ही हरलो', 'आम्हाला ताप होता.' एकदा मी विचारलं, "मॅडम, तुम्ही एकटीने काय केलंत?" त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "गुडघ्याचं ऑपरेशन."

मी डावखुरी आहे. सातवीपर्यंत श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावात मराठी शाळेत होते. घरी अम्मी आणि शाळेत बाई, दोघी मिळून माझा उजवा हात चालू करायच्या मागे होत्या. जेवण उजव्या हाताने, लिहिणं उजव्या हाताने. ते जमलं. पण दगड मारताना आणि कैऱ्या पाडताना डावाच हात पुढे यायचा. पुढे अब्बांनी आम्हाला कुवेतला आणलं. ते हवल्लीत लाँड्रीत इस्त्री करतात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली.

पहिल्या वर्षाला असताना मैत्रिणींबरोबर त्या हॉलमध्ये सहज खेळायला गेले होते. पलीकडच्या कोर्टवर शिकवत असलेल्या मॅडम आपली बॅच सोडून आल्या आणि त्यांनी माझं डावं मनगट धरलं. मला वाटलं, काही चुकलं. त्या म्हणाल्या, "हा हात उद्यापासून आमच्याकडे कामाला."

घरी सांगितलं तेव्हा अब्बा इस्त्रीने भाजलेल्या बोटाला मलम लावत होते. "अगो, ज्या हाताला आम्ही इतकी वर्षं ओरडलो, त्यालाच आधी नोकरी लागली काय?" म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले.

कामाबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रॅकेट घ्यायची आणि मारायचं.

आमच्या गावाकडे शटलला फूल म्हणतात. ते खरंच फुलासारखं जपावं लागतं. शटल बदकाच्या पिसांचं असतं आणि कुवेतच्या कोरड्या हवेत, त्यात हॉलच्या एसीत, पिसं वाळून तटातट तुटतात. म्हणून हॉलवर पोहोचलं की पहिलं काम म्हणजे किटली लावायची आणि शटलच्या उघड्या डब्या तोटीच्या वाफेवर थोडा वेळ धरायच्या. जास्त वेळ धरल्या तर पिसं जड होतात. नवीन पालक विचारायचे, "चहा होतोय का?" मॅडम म्हणायच्या, "हो, पण बदकांना."

पण मला ठेवलं होतं ते वाफेसाठी नाही. डबल्स एकटीने दाखवता येत नाही. हल्ला करताना जोडीतली एक जाळीजवळ असते, एक मागे. मागचीला सगळं दिसतं: पुढचीची पाठ, जाळी, समोरचे दोघं. पुढचीला मागचं काहीच दिसत नाही आणि तिने वळून बघायचंही नसतं. वळली की समोरून आलेलं शटल कानशिलावर बसलंच. त्यामुळे मागे काय चाललंय ते तिने ऐकायचं. बूट कुठे घासले, श्वास कधी रोखला, रॅकेट हवेत कशी वाजली.

मॅडम आयुष्यभर पुढच्या. त्यांची जोडीदार मागची आणि डावखुरी. म्हणून त्यांना मागे उभं राहायला डावखुरंच कुणीतरी हवं होतं.

"तिचा स्मॅश कसा दिसायचा?" मी एकदा विचारलं.

"माहीत नाही. लोक म्हणायचे, छान दिसतो. आम्ही ऐकलाय फक्त."

"व्हिडिओ असतील ना?"

"आहेत. त्यात ती दुसरीच कुणीतरी वाटते."

बचाव करताना मात्र दोघी शेजारी शेजारी येतात. मॅडम उजव्या हाताच्या, डाव्या बाजूला. मी डाव्या हाताची, उजव्या बाजूला. म्हणजे दोघींचे चांगले हात मध्ये. ही ताकद आहे आणि हाच घोटाळा आहे. बरोबर मधोमध आलेलं शटल दोघींनाही घेता येतं आणि दोघीही दुसरीसाठी सोडू शकतात. मॅडमचा नियम साधा होता: ज्याला आधी दिसलं त्याने ओरडायचं. माझं, किंवा तुझं. आणि ते स्वतःच्या भाषेत. घाईत माणसाला परकी भाषा सुचत नाही, असं त्या म्हणायच्या. आमच्या बॅचमध्ये मराठी मंडळी जास्त, म्हणून मॅडमनीच 'माझं' आणि 'तुझं' शिकून घेतलं.

या नियमाने सगळ्यात जास्त छळलं ते कदमभाऊंना. कदमभाऊ लातूरकडचे, एका इस्पितळात एक्सरे टेक्निशियन. त्यांचे जोडीदार त्याच इस्पितळातले हाडांचे डॉक्टर, पुण्याचे. दोघं चांगले खेळायचे, पण मधलं शटल कायम जमिनीवर.

मॅडम वैतागल्या. "डोळे चांगले आहेत, पाय चांगले आहेत. मग मधलं कुणी घेत का नाही?"

मी समजावलं की कदमभाऊ डॉक्टरसाहेबांसमोर हात घालणार नाहीत. आणि डॉक्टरसाहेबांना वाटतं, तरुण आहे, तो घेईल.

"कोर्टवर पण इस्पितळ आहे?" मॅडमनी विचारलं.

मग रॅकेट खाली ठेवून नुसतं ओरडायचा सराव सुरू झाला. डॉक्टरसाहेब खणखणीत ओरडले. कदमभाऊंची पाळी आली. शटल मध्ये आलं.

"सर, मी घेऊ का?" कदमभाऊ म्हणाले आणि तोवर ते पडलं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "कदम, तुझी परवानगी येईपर्यंत पेशंट दगावला."

"सर, तसं नाही, पण उद्या सकाळी तुमच्यासमोरच फिल्म घेऊन उभं राहायचंय मला."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरसाहेबांना जाळीजवळ उभं केलं, कदमभाऊंना मागे. मागच्याला सगळं दिसतं, त्यामुळे हुकूम त्याने सोडायचे असतात. डॉक्टरसाहेबांनी वळायचं नाही. पहिल्या दिवशी कदमभाऊ "माझं!" म्हणून ओरडले आणि शटल मारून झाल्यावर "सॉरी सर" म्हणाले. पुढे एका संध्याकाळी त्यांच्या तोंडून "अहो, सरका!" निघून गेलं. डॉक्टरसाहेब सरकले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच इस्पितळभर सांगितलं की काल मला कदमने हाकललं, आणि पॉइंट मिळाला.

सगळे असे नव्हते. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. त्यांना सिंगल्सच हवं होतं. "डबल्समध्ये बक्षीस अर्धंच मिळणार ना?" मॅडम म्हणाल्या, "हारही अर्धीच मिळते." ते परत आले नाहीत. तो मुलगा चांगला होता. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत जायला हवं होतं, असं अजून वाटतं.

बॅच सुटली की आम्ही दोघी समोरच्या कॅफेटेरियात जायचो. दोनच टेबलं. भिंतीवरच्या टीव्हीकडे तोंड करून एका बाकावर शेजारी शेजारी बसायचं, मॅडम डावीकडे, मी उजवीकडे, कोर्टवर असतो तशाच. करक चहा, खुबूस रोटी आणि अंडं. तिथेच एकदा मॅडमनी त्यांची जोडी तुटली त्या सकाळबद्दल सांगितलं.

संघाच्या भोजनगृहात जोड्या एकत्र जेवायच्या. नियम नव्हता, रीत होती. एका सकाळी मॅडम ताट घेऊन आल्या तर त्यांच्या टेबलावर कुणी नव्हतं. जोडीदार पलीकडच्या टेबलावर बसली होती, एका उंच, नवीन मुलीच्या शेजारी, मॅडमकडे पाठ करून. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. मॅडमनी एकटीने नाश्ता केला आणि सरावाला गेल्या. तिथे त्यांच्या मागे दुसरी मुलगी उभी होती.

"मग?"

"मग खेळलो. पुढे तिच्याबरोबर पण जिंकलो." मॅडम टीव्हीकडेच बघत होत्या. "पहिल्या दिवशी तेवढा त्रास झाला. शेजारच्या कोर्टवरून तिचा आवाज येत होता. आमचे पाय त्याच आवाजावर हलत होते."

हे ऐकल्यानंतर वर्षभराने माझ्यावर तीच वेळ आली. फरक इतकाच की या वेळी उठून जाणारी मी होते.

शेवटच्या वर्षाला आम्हाला कंपनीत ट्रेनिंग करावं लागतं, त्याशिवाय डिग्री नाही. मला हवल्लीपासून लांब, अहमदीतल्या एका कंपनीत जागा मिळाली. ओळखपाळख नसताना मिळाली, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मलाही. पण पाळी दुपारची. कंपनीची बस हवल्लीतून दुपारी निघते आणि परतेपर्यंत हॉलला कुलूप असतं. मी होकार कळवला. अब्बांनी लाँड्रीत सगळ्यांना लाडू वाटले. राहिलं एकच काम. मॅडमना सांगायचं.

मी रोज ठरवून जायची. किटली लावताना सांगू, म्हणून आधी पोहोचायची, तर मॅडम आधीच गुडघ्याला पट्टी बांधत बसलेल्या असायच्या आणि ते बघून मी नुसती किटली लावायची. चहाच्या वेळी सांगू म्हटलं तर टीव्हीवर बातम्या. एका शुक्रवारी त्यांच्याबरोबर दस्मानला समुद्रावर फिरायला गेले, तिथे तरी सांगू. वारा सुटला होता. मी तोंड उघडलं आणि मॅडमच म्हणाल्या, "पुढच्या मोसमात तुला जाळीजवळ खेळायला शिकवायचं. आम्ही मागे जाणार."

"तुम्ही मागे? का?"

"एकदा तरी मागून बघायचंय. जोडीदार खेळताना कशी दिसते ते."

मी म्हणाले, "वारा फार आहे, परत जाऊ या."

घरी अब्बा रोज विचारायचे. "सांगितलंस काय गो तिला?"

"नाय अजून."

"मग काय बसमधून हात हलवून सांगनार?" मी उठून स्वयंपाकघरात गेले तर तिथेही त्यांचा आवाज आला. "तोंडावर सांग गो. रागावंल, रागावूं दे. मागनं कललं तर जास्त लागतं."

माझं चित्त कुठेच लागत नव्हतं. पुस्तक उघडायची, मिटायची. मॅडमना बाहेरून कळलं तर? क्लबमधल्या कुणी सांगितलं तर? पुन्हा एकदा त्यांना रिकामं टेबलच दिसणार, आणि या वेळी ते मी रिकामं केलेलं असणार. एवढं कळत होतं आणि तरी जीभ उचलत नव्हती. कदमभाऊंना हसायचे मी.

नवीन मोसमाच्या आधीच्या शुक्रवारी दरवर्षी प्रात्यक्षिक असतं. पालक येतात, क्लबचे मॅनेजर येतात, आणि मॅडम आणि मी एका जोडीविरुद्ध खेळून दाखवतो. या वर्षी समोर डॉक्टरसाहेब आणि कदमभाऊ होते. माझं ट्रेनिंग दोन दिवसांनी सुरू होणार होतं.

सुरुवात चांगली झाली. मग कदमभाऊंना उंच शटल मिळालं, आम्ही दोघी शेजारी आलो आणि त्यांनी जोरात मारलं, बरोबर मधोमध. मला दिसलं. मॅडमनाही दिसलंच असणार. कुणी ओरडलं नाही. शटल आमच्या दोघींच्या मध्ये पडलं आणि थोडं गोल फिरून थांबलं.

चार वर्षांत असं झालं नव्हतं. कदमभाऊ सवयीने "सॉरी" म्हणाले.

मॅडमनी ते उचललं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. जाळीकडे बघतच हळू म्हणाल्या, "बरेच दिवस तुझे पाय वेगळे वाजतात. बोल."

"इथे?"

"इथेच पडलं ना?"

मी बोलले. अहमदी, ट्रेनिंग, दुपारची बस, परवापासून. माझा आवाज इतका बारीक होता की पालकांना वाटलं असेल आम्ही डाव ठरवतोय.

"कधी ठरलं?"

"मागच्या महिन्यात."

त्यांनी मान हलवली, पायाने शटल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "यल्ला. चल."

पुढचा पॉइंट सुरू झाला आणि पहिल्याच फटक्याला मॅडम ओरडल्या, "माझं!" ते त्यांचंच होतं. दुसरं माझ्या बाजूला आलं. "माझं!" मी बाजूला झाले. तिसरं मागे गेलं. "माझं!" त्या धावल्या. पट्टी बांधलेला गुडघा घेऊन, आयुष्यात कधी एकटीने न खेळलेली बाई सगळं कोर्ट एकटी खेळत होती. मी रॅकेट छातीशी धरून त्यांच्या वाटेतून सरकत होते, कधी इकडे, कधी तिकडे. आपल्याच कोर्टवर मला उभं राहायला जागा नव्हती.

कदमभाऊंनी फटके हलके केले. मॅडम त्यांच्यावर डाफरल्या, "मार!"

"कदम, मार," डॉक्टरसाहेब जाळीजवळून म्हणाले. "दया दाखवलीस तर त्या तुला सोडायच्या नाहीत."

कदमभाऊंनी उंच शटल उडवलं, मागच्या उजव्या कोपऱ्यात. मॅडमनी एक पाऊल मागे टाकलं. दुसरं टाकताना गुडघा अडला. त्या थांबल्या, आणि मग त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं, "तुझं!"

मी धावले आणि डाव्या हाताने जेवढं होतं तेवढं मारलं.

मॅडम जाळीजवळ पोहोचल्या होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही. शटल रेषेजवळ पडलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, आत. कदमभाऊ म्हणाले, "नाही सर, बाहेर." आणि त्यांनी सॉरी म्हटलं नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

सगळे गेल्यावर मी डब्या भरल्या, किटली पुसली, दिवे बंद केले. मॅडम पुढे निघून गेल्या होत्या. रस्ता ओलांडताना वाटलं, आज कॅफेटेरियात न जाता सरळ घरी जावं. पण गेले.

मॅडम नेहमीच्या बाकावर डावीकडे बसल्या होत्या. चहा, खुबूस, अंडं, दोघींचं मागवलेलं. मी बाकाकडे वळले तशी त्यांनी माझी ताटली उचलून माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट केलं.

"तिकडे बस."

मी ताटली घेऊन दुसऱ्या टेबलाशी गेले आणि सवयीने टीव्हीकडे तोंड करून बसले. म्हणजे मॅडमकडे पाठ करून.

"अशी नाही," मागून आवाज आला. "तोंड इकडे."

मी उठून पलीकडच्या बाजूला गेले. आता त्या समोर होत्या.

"तेव्हा पाठच दिसली होती," मॅडम म्हणाल्या. "आता बस."

मी खुबूस तोडला. अंडं त्यात गुंडाळलं. त्या बघत होत्या म्हणून खात राहिले. मॅडमनी उचललेला चहा तसाच खाली ठेवला.

"हिना, तू उजव्या हाताने खातेस?"

"हो."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. घरी तसंच शिकवलं."

"शेजारी बसून कधी दिसलं नाही," त्या म्हणाल्या आणि डोकं एका बाजूला कलतं करून बघत राहिल्या. असं समोरून कुणी बघायची मला सवय नव्हती. टेबलाखाली माझे पाय आपोआप हलायला लागले, मागे सरकायला जागा शोधत.

"खा," मॅडम म्हणाल्या. "मी बघतेय."